जठरव्रणातून बरे होताना आहार

जठरात व्रण झाल्याचे निदान होऊन रोगी रुग्णालयातून घरी परत येतो, तेव्हा त्याच्या हातात औषधांची यादी असते आणि घरात उपदेशांची गर्दी असते. कोणी सांगते की महिनाभर दुधाखेरीज काही घेऊ नये. कोणी तिखट आणि आंबट जन्मभरासाठी वर्ज्य ठरविते. कोणी दर तासाला थोडे थोडे खाण्याचा आग्रह धरते. रोगीही भेदरलेला असतो. पोटात जखम आहे, तिला अन्नाचा धक्का लागेल, या भीतीने तो दूध, पाव आणि बिस्किटे यांवर दिवस काढतो. दोन महिन्यांनी व्रण भरून आलेला असतो. परंतु वजन उतरलेले असते, चेहरा पांढुरका पडलेला असतो आणि जिना चढताना दम लागतो.

ही अवस्था बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगी आहे. व्रणाच्या रोग्याने काय खावे, या प्रश्नाचे वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर गेल्या शंभर वर्षांत जवळजवळ उलटे झाले आहे. ते कसे व का बदलले, आणि आज रोग्याच्या ताटात काय असावे, याचा विचार येथे केला आहे.

जठर आणि त्याचे संरक्षण

जठर ही एक स्नायुमय पिशवी असून तिच्या आतल्या अस्तरातून दिवसाकाठी सुमारे दोन लिटर जठररस स्रवतो. या रसात हायड्रोक्लोरिक अम्ल असते, हे इंग्लंडमधील विल्यम प्राउट यांनी १८२४ साली प्रसिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेत एक विलक्षण घटना घडली. १८२२ साली अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागून त्याच्या पोटाला भोक पडले आणि जखम बरी झाल्यावरही ते भोक बुजले नाही. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी त्या वाटे जठररस बाहेर काढला, आणि तो रस भांड्यात घेतला तरी त्यात मांसाचे पचन होते, असे दाखवून दिले. त्यांचा ग्रंथ १८३३ साली प्रसिद्ध झाला.

येथे सहजच एक प्रश्न उभा राहतो. जो रस मांस विरघळवितो, तो मांसाच्याच बनलेल्या जठराला का विरघळवीत नाही? याचे उत्तर जठराच्या अस्तरात आहे. या अस्तरावर श्लेष्म्याचा, म्हणजे बुळबुळीत पदार्थाचा, एक थर सतत पसरलेला असतो. या थरात अम्लाचा जोर मारणारे क्षारधर्मी द्रव्य असते. अस्तराच्या पृष्ठभागावरील पेशी काही दिवसांतच झडून त्यांच्या जागी नव्या येतात. हे संरक्षण जेथे दुबळे होते, तेथे अम्ल आणि पेप्सीन हे पाचक द्रव्य अस्तर खाऊ लागतात आणि खड्डा पडतो. हा खड्डा म्हणजेच व्रण होय. बोलीत त्याला अल्सर असेच म्हणतात. तो जठरात होतो, तसाच जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ग्रहणीतही होतो. छातीत किंवा पोटात होणाऱ्या प्रत्येक जळजळीला लोक पित्त म्हणतात. परंतु अशी प्रत्येक जळजळ व्रणामुळे होत नाही, आणि काही व्रण तर जळजळ न होताच रक्त वाहू लागेपर्यंत गुप्त राहतात.

दुधाच्या पथ्याचा उदय

शल्यचिकित्सक कार्ल श्वार्ट्स यांनी १९१० साली असे सूत्र मांडले की, अम्ल नसेल तेथे व्रण नसतो. यावरून उपचाराची दिशा ठरली. अम्ल मारावे, जठराला विसावा द्यावा आणि व्रणाला काही लागू देऊ नये, असे मानले जाऊ लागले. शिकागो येथील डॉ. बर्ट्रम सिपी यांनी १९१५ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. तीत रोग्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला थोडे दूध व साय समभाग मिसळून देत आणि मधल्या वेळांत क्षारांची चूर्णे देत. पुढे हळूहळू मऊ अंडे आणि खिरीसारखे धान्य यांची भर पडे. ही पद्धत जगभर पसरली. पांढरे, मऊ आणि बेचव अन्न म्हणजेच व्रणाचे पथ्य, ही समजूत पुढील अर्धशतकभर रुग्णालयांतून आणि घरांतून रूढ झाली.

या पथ्याने रोग्याला बरे वाटत असे, ही गोष्ट खोटी नव्हती. दूध पोटात गेले की अम्ल काही काळ सौम्य होते आणि वेदना थांबते. परंतु वेदना थांबणे आणि व्रण भरून येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय या उपचाराला किंमत मोजावी लागत होती. दूध आणि क्षार मोठ्या प्रमाणात दीर्घकाळ घेणाऱ्या काही रोग्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होई. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका व ब्रिटन येथील शवविच्छेदनाच्या नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हा दूध-सायीच्या पथ्यावर ठेवलेल्या व्रणरोग्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण अधिक आढळले.

पथ्याची परीक्षा

एखादी समजूत सर्वमान्य झाली म्हणून ती खरी ठरत नाही; तिची परीक्षा घ्यावी लागते. पहिला धक्का कोपनहेगन येथून बसला. व्रणातून रक्तस्राव झालेल्या रोग्याला त्या काळी कित्येक दिवस जवळजवळ उपाशी ठेवीत असत. डॉ. आयनार म्यूलेनग्राख्ट यांनी असा विचार केला की, ज्याचे रक्त गेले आहे त्याला उपाशी ठेवणे म्हणजे अशक्तात अधिक अशक्तपणा घालणे होय. त्यांनी अशा रोग्यांना पहिल्या दिवसापासून मऊ केलेले परंतु भरपूर अन्न दिले. यामुळे रक्तस्राव वाढेल ही भीती खोटी ठरली. त्यांच्या रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण तेव्हाच्या मानाने बरेच कमी राहिले. हे अनुभव त्यांनी १९३५ साली ब्रिटिश वैद्यकांपुढे मांडले.

यानंतर १९५६ साली लंडन येथे डॉ. रिचर्ड डॉल आणि त्यांचे सहकारी यांनी जठरव्रणाच्या रोग्यांचे गट करून तुलना केली. पथ्याच्या मऊ अन्नावर ठेवलेल्या रोग्यांचे व्रण नेहमीचे अन्न घेणाऱ्यांपेक्षा लवकर भरून आले नाहीत. याच संशोधकांनी पुढे १९५८ साली दाखविले की, धूम्रपान सोडणाऱ्यांचे जठरव्रण अधिक चांगले भरतात. रोग्याच्या ताटातून मिरची काढून घेणाऱ्यांनी त्याच्या खिशातील सिगारेट मात्र तशीच राहू दिली होती, असे यावरून म्हणता येईल.

दुधासंबंधीचा उलगडा १९७६ साली अमेरिकेत झाला. दूध प्यायल्यावर जठरातील अम्ल मोजले असता ते कमी न होता वाढलेले आढळले. दुधातील प्रथिने व कॅल्शियम जठराला अम्ल स्रवण्याची चेतना देतात. म्हणजे दूध प्रथम अम्ल मारते आणि थोड्या वेळाने स्वतःच नवे अम्ल निर्माण करविते.

भारतीय रोग्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे दोन प्रयोग नवी दिल्ली येथे झाले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात ग्रहणीव्रणाच्या ५० रोग्यांचे दोन गट केले. दोहोंना औषध सारखेच दिले; परंतु एका गटाला जेवणाबरोबर रोज ३ ग्रॅम लाल मिरचीची पूडही दिली. चार आठवड्यांनी तपासणी केली, तेव्हा दोन्ही गटांत व्रण सारख्याच प्रमाणात भरून आले होते. १९८६ सालच्या दुसऱ्या प्रयोगात एका गटाला केवळ दुधावर आणि दुसऱ्याला नेहमीच्या जेवणावर ठेवले. औषध दोघांनाही तेच होते. नेहमीचे जेवण घेणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रोग्यांचे व्रण चार आठवड्यांत भरले. दुधावर ठेवलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांचेच भरले. ज्या दुधाला औषध मानले होते, त्याने बरे होण्यास विलंबच लावला होता.

व्रणाची खरी कारणे

पथ्याचा उपयोग का होत नव्हता, हे व्रणाचे कारण सापडल्यावर स्पष्ट झाले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन यांना जठराच्या अस्तरात नागमोडी आकाराचे सूक्ष्मजंतू दिसले होते. १९८२ साली बॅरी मार्शल यांना ते प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आले. इतक्या तीव्र अम्लात जंतू जगूच शकत नाहीत, असे तोवर मानीत असत. शंका फेडण्यासाठी मार्शल यांनी १९८४ साली जंतूंचे मिश्रण स्वतः प्राशन केले आणि त्यांच्या जठराला दाह झाला. या जंतूला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. या शोधाबद्दल दोघांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात हा जंतू फार मोठ्या लोकसंख्येच्या जठरात असतो आणि तो बहुधा बालपणीच शिरतो. ज्यांच्या पोटात तो असतो त्यांपैकी बहुसंख्यांना व्रण होत नाही. परंतु ज्यांना होतो, त्यांच्यात जंतूचा नायनाट केल्याशिवाय व्रण पुन्हा पुन्हा उद्भवण्याचा संभव राहतो.

दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे ब्रिटनमधील जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. हीच द्रव्ये जठराच्या श्लेष्म्याचा थर टिकवून धरतात. म्हणून गुडघेदुखी वा कंबरदुखीसाठी महिनोन्‌महिने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचे अस्तर उघडे पडते.

तेव्हा बहुतेक व्रणांच्या मुळाशी जंतू किंवा गोळ्या असतात. मिरचीने व्रण होत नाही आणि दुधाने तो बरा होत नाही. जंतूंवर प्रतिजैविके, अम्लावर अम्लरोधक औषधे आणि घातक गोळ्यांचा त्याग हा व्रणाचा उपचार होय. सामान्यतः प्रतिजैविके दोन आठवडे आणि अम्लरोधक औषधे चार ते आठ आठवडे द्यावी लागतात. वेदना आठवडाभरातच थांबते; म्हणून औषध मध्येच सोडणे ही रोग्याकडून होणारी सर्वांत महागात पडणारी चूक होय.

मग आहाराचे काम कोणते?

आहार व्रणावरचे औषध नसेल, तर त्याचा विचारच कशासाठी करावा, असे कोणी विचारील. परंतु व्रण भरून येणे म्हणजे नवे ऊतक बनणे होय, आणि ते अन्नातून मिळणाऱ्या द्रव्यांवाचून बनत नाही. त्यासाठी प्रथिने, जीवनसत्त्व क आणि जस्त लागते. ज्याचे रक्त गेले आहे, त्याला नवे रक्त बनविण्यासाठी लोह लागते. शिवाय आजारपणात भूक मरून वजन घटलेले असते, ते भरून काढायचे असते. म्हणजे औषध व्रणाचे कारण दूर करते आणि आहार शरीराची झीज भरून काढतो. दोहोंपैकी एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

या दृष्टीने केवळ दुधाच्या पथ्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दिवसभरात दीड लिटर गाईचे दूध प्यायले, तर सुमारे ४८ ग्रॅम प्रथिने मिळतात. ती पुरेशी म्हणता येतील. परंतु उष्णता मिळते ती केवळ १००० किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे सामान्य प्रौढ पुरुषाच्या गरजेच्या निम्मीच. लोह तर जवळजवळ मिळतच नाही, आणि क जीवनसत्त्वही नाममात्रच मिळते. ज्याचे रक्त गेले आहे त्याला नेमक्या याच वस्तूंपासून दूर ठेवले जाते. बरा झालेला रोगी पांढुरका का दिसतो, याचे उत्तर येथेच सापडते.

रोजचे ताट

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसाला हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम होते. आजारातून उठणाऱ्याने यापेक्षा थोडे अधिक घ्यावे. ते साध्या घरगुती जेवणातून सहज मिळते.

शाकाहारी माणसाच्या एका दिवसाचे उदाहरण घेऊ. सकाळच्या न्याहारीला ५० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी केली, तर सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारी तीन पोळ्यांतून १०, वाटीभर वरणातून ७ आणि वाटीभर दह्यातून ५ ग्रॅम मिळतात. सोबत शिजवलेली भाजी आणि लिंबाची फोड असावी. संध्याकाळी एक कप दूध, केळे आणि मूठभर भाजलेले चणे घेतले, तर आणखी ११ ग्रॅमची भर पडते. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी आणि भाजी यांतून ११ ग्रॅम मिळतात. एकूण बेरीज ५६ ग्रॅमच्या घरात जाते. अंडी खाणाऱ्याला एका अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. मासे आणि चरबी नसलेले मांस खाणाऱ्याला ही गरज भागविणे आणखी सोपे जाते.

प्रत्येक प्रांतात याला पर्याय आहेत. दक्षिणेतील इडली आणि पोंगल, कर्नाटकातील नाचणीचे मुद्दे, बंगालमधील माशाचे पातळ कालवण आणि भात, बिहारमधील सातू, गुजरातमधील मुगाची खिचडी व कढी, उत्तरेतील दलिया, कोकणातील पेज हे सर्व पदार्थ बरे होणाऱ्या माणसाला योग्य आहेत. रोग्याला परक्या चवीचे पथ्याचे अन्न शोधण्याची गरज नाही. स्वतःच्या घरचे अन्न, थोडे मऊ आणि बेताचे तेल घालून केलेले, त्याला पुरते.

लोहासाठी डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्या यांचा नित्य समावेश असावा. वनस्पतींतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. परंतु त्याबरोबर क जीवनसत्त्व घेतले, तर ते अधिक शोषले जाते. लिंबू, आवळा आणि पेरू ही त्याची स्वस्त साधने होत. चहातील द्रव्ये लोहाला अडवितात. म्हणून चहा जेवणाला लागून न घेता तासाभराने घ्यावा. अम्लरोधक औषधे दीर्घकाळ चालू राहिल्यास लोह व ब-१२ जीवनसत्त्व यांचे शोषण घटते. ब-१२ हे केवळ प्राणिज अन्नातून मिळते. म्हणून शाकाहारी रोग्याने दूध व दही आहारात ठेवावे आणि औषधे लांबल्यास वैद्यांकडून रक्त तपासून घ्यावे.

दुधाविषयी वर जे सांगितले, त्यावरून दूध वर्ज्य आहे असा अर्थ कोणी काढू नये. दिवसातून एक-दोन कप दूध हे उत्तम अन्न आहे. दूध हेच संपूर्ण जेवण आणि दूध हेच औषध मानणे, एवढेच चूक आहे.

कोंड्यासह धान्य, डाळी, भाज्या आणि फळे यांतील तंतुमय भागाविषयीही पूर्वी भीती होती. हा भाग खरखरीत असल्याने जखमेला घासेल, असे वाटे. नॉर्वेत १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र उलटेच दिसले: ग्रहणीव्रण भरून आलेल्या रोग्यांपैकी तंतुमय अन्न भरपूर घेणाऱ्यांत व्रण पुन्हा होण्याचे प्रमाण कमी होते. हा अभ्यास जंतूंवरील उपचार रूढ होण्यापूर्वीचा आहे. तरीही तंतुमय अन्नाची भीती निराधार होती, एवढे त्यावरून कळते.

केव्हा आणि किती

तीन वेळा बेताचे जेवण आणि मध्ये एकदा-दोनदा थोडे खाणे, हा क्रम बहुतेकांना मानवतो. दर तासाला खाण्याची आवश्यकता नाही. अन्न पोटात गेले की अम्ल स्रवते, आणि सतत खाणे म्हणजे सतत अम्ल स्रवविणे होय. याच कारणामुळे निजण्यापूर्वी काही खाण्याची सवय चांगली नाही. रात्रीचे जेवण निजण्याच्या दोन-तीन तास आधी आटोपावे. ग्रहणीव्रणाची वेदना पुष्कळदा उपाशीपोटी होते आणि खाल्ल्याने थांबते. जठरव्रणाची काहींना खाल्ल्यावर वाढते. या दुसऱ्या प्रकारचे रोगी भीतीने खाणे कमी करतात आणि त्यांचे वजन झपाट्याने उतरते. त्यांनी एका वेळी थोडे खावे, परंतु दिवसाची बेरीज घटू देऊ नये. एकादशी, नवरात्र वा रमजान यांतील दीर्घ उपवास उपचार पूर्ण होईपर्यंत करण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. औषधांच्या वेळाही त्याने चुकतात.

रक्तस्राव होऊन गेलेल्या रोग्याला वैद्यांनी तोंडाने अन्न घेण्यास अनुज्ञा दिली की पहिले काही दिवस पेज, मऊ भात, पातळ वरण, ताक, उकडलेली व कुस्करलेली भाजी आणि केळे यांपासून आरंभ करावा. मऊ अन्न देण्याचे कारण एवढेच की, अशक्त माणसाला ते चावण्याचे व गिळण्याचे श्रम पडत नाहीत. भूक वाढेल तसे नेहमीच्या जेवणाकडे वळावे. व्रण फुटून शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र शल्यचिकित्सकाने सांगितलेला क्रमच पाळावा.

सोसणारे आणि न सोसणारे

मिरचीने व्रण भरण्यास अडथळा येत नाही, हे दिल्लीच्या प्रयोगावरून कळले. पण म्हणून ज्याच्या पोटात तिखटाने आग होते, त्याने ते खावे असे मुळीच नाही. मिरचीतील तिखट द्रव्य अस्तरातील मज्जातंतूंना चेतविते आणि आग झाल्यासारखे वाटते. ही वेदना खरी असते, जरी तिने जखम होत नसली. लिंबाचेही तसेच आहे. लिंबाचा रस आंबट खरा. पण जठररस त्याच्याइतकाच, किंबहुना अधिक, अम्लधर्मी असतो. तेव्हा जेवणावरील लिंबाच्या फोडीने व्रण चिघळत नाही. झोंबत असेल तर पेरूने काम भागते.

यासाठी रोग्याने एक साधी वही ठेवावी. कोणता पदार्थ खाल्ला, त्रास झाला की नाही, हे दोन आठवडे लिहावे. एखाद्या पदार्थाने तीनदा त्रास दिला, तर तो काही काळ बाजूला ठेवावा आणि महिनाभराने थोड्या प्रमाणात पुन्हा घेऊन पाहावा. एका दिवसाच्या जळजळीवरून डाळ, भाजी, फळे अशी एकेक वस्तू ताटातून कायमची काढीत गेले, तर शेवटी दूध आणि पाव एवढेच उरते.

अन्न आणि औषध

अम्लरोधक औषधांपैकी पुष्कळशी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यावयाची असतात. जेवणानंतर घेतल्यास त्यांचा पुरता उपयोग होत नाही. जंतुनाशक उपचारात कधी कधी टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक असते. दुधातील कॅल्शियम त्याला बांधून ठेवते आणि औषध शोषले जात नाही. पोटाला बरे म्हणून गोळी दुधाबरोबर घेणारा रोगी अशा वेळी स्वतःचा उपचारच निष्फळ करतो. ही गोळी पाण्याबरोबर आणि दुधापासून दोन-तीन तासांच्या अंतराने घ्यावी. प्रतिजैविकांनी जुलाब होत असल्यास रोज वाटीभर ताजे दही घेण्याने काहींना आराम पडतो.

जळजळ थांबावी म्हणून खाण्याचा सोडा वारंवार घेणे बरे नव्हे. त्याने क्षणभर बरे वाटते. परंतु पोटात वायू होतो, शरीरात सोडियम वाढते आणि मूळ रोग झाकला जातो. वेदनाशामक गोळ्या वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सांधेदुखीवरच्या, घटकद्रव्ये न छापलेल्या पुड्यांतही अशी औषधे मिसळलेली असू शकतात. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्याने मात्र ते आपल्या मनाने बंद करू नये, वैद्यांना विचारावे. विडी, सिगारेट आणि मद्य ही सोडलीच पाहिजेत. एखादा पदार्थ ताटातून काढण्याने जे साधत नाही, ते धूम्रपान सोडण्याने साधते.

धोक्याच्या खुणा

आहार कितीही चांगला असला, तरी पुढील खुणा दिसताच रुग्णालय गाठावे: रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी, डांबरासारखा काळा, चिकट व उग्र वासाचा मल, पोटात एकाएकी उठलेली असह्य कळ, आदल्या दिवशीच्या अन्नाची उलटी, भोवळ येणे. लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथयुक्त औषधांनीही मल काळा होतो, हे रोग्याने व घरच्यांनी ध्यानात ठेवावे. परंतु शंका असेल तर अंदाज न करता वैद्यांना दाखवावे. गिळताना अडथळा येणे अथवा भरपूर खाऊनही वजन घटत राहणे, या गोष्टींचीही तपासणी करून घेतली पाहिजे. जठरव्रण भरून आला की नाही, हे पाहण्यासाठी वैद्य पुष्कळदा नळीने पुन्हा तपासणी करण्यास सांगतात. जठराचा कर्करोगही प्रथम साध्या व्रणासारखाच दिसू शकतो. म्हणून बरे वाटते या कारणावरून ही तपासणी टाळू नये. जंतू नष्ट झाले की नाही, याचीही चाचणी करता येते. ती प्रतिजैविके संपल्यावर निदान चार आठवड्यांनी करतात, आणि तिच्यापूर्वी सुमारे दोन आठवडे अम्लरोधक औषध वैद्यांच्या सल्ल्याने थांबवावे लागते. नाहीतर जंतू असूनही ते नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

व्रणातून उठणाऱ्या माणसाला घरच्यांनी दिलेले सर्वांत चांगले पथ्य म्हणजे घरच्या सर्वांबरोबर वाढलेले साधे, सकस आणि वेळेवरचे जेवण होय. त्याच्यासाठी निराळी चूल पेटविण्याचे कारण नाही. औषधांचा क्रम शेवटच्या गोळीपर्यंत पुरा करावा, तंबाखू आणि मनाने घेतलेल्या गोळ्या दूर ठेवाव्या आणि निर्भयपणे, पोटभर जेवावे. जे पथ्य माणसाला भूक विसरावयास लावते ते पथ्य नव्हे, हे शतकभराच्या अनुभवाने आता सिद्ध झाले आहे.